घरच्या सॉकेटवर वेल्डिंग मशीन : भिंतीतून किती अँपिअर ओढतं आणि आधी काय जळतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०० अँपिअर लिहिलेलं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलंय, घरातल्या १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला तीस मीटरची एक्स्टेंशन लावून फाटकाची फ्रेम वेल्ड करायचीय. दहा नंबरचा (३.१५ एमएम जाडीचा) रॉड लावला की दुसऱ्या-तिसऱ्या रॉडला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप लाईन तोडणारा स्विच) पडतो, मधेच कधीतरी आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा स्विच) पण पडतो, घरातले दिवे लपलप करतात, आणि वायरमन म्हणतोय १६ चा एमसीबी काढून ३२ चा टाकू, विषय संपला. टाकायचा का? आणि नाहीच जमलं तर जनरेटरवर चालेल का?

नका टाकू. बाकीचं सगळं नंतर वाचा पण हे आधी डोक्यात बसवा. एमसीबी मशीनसाठी नसतो, तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. तुमच्या त्या पॉईंटच्या मागे नळीत बहुतेक अडीच एमएमची (वायरीचा एमएम म्हणजे चौरस मिलीमीटर) तांब्याची वायर असेल, आणि नळीतून गेलेली अडीचची वायर साधारण २० ते २४ अँपिअरपर्यंत निवांत चालते, किती वायरी एकत्र कोंबल्यात आणि भिंत किती तापते त्यावर थोडं कमीजास्त. आता ३२ चा एमसीबी काय करतो बघा, ३६ अँपिअर तासभर गेले तरी तो पडायला बांधील नाही, आणि ४६ अँपिअर गेले तरी पडायला जवळजवळ तासभर घेऊ शकतो, हे त्याच्या स्टँडर्डमधेच आहे (१.१३ पट आणि १.४५ पट). म्हणजे एवढा वेळ ती अडीचची वायर प्लास्टरच्या आत शिजत राहणार आणि तुम्हाला बाहेर काही कळणार नाही. वायरची इन्सुलेशन एकदा कडक झाली, चिरली, की मग पुढच्या वर्षी गीझर लावल्यावर धूर निघतो आणि तेव्हा वेल्डिंगचं नाव कोणाच्या डोक्यात पण येत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

इथे एक गोष्ट सांगतो कारण यावरून हमखास वाद होतो. अमेरिकन लोकांच्या व्हिडिओत बारीक वायरवर मोठा ब्रेकर लावलेला दिसतो आणि मग लोक म्हणतात बघा तिकडे चालतं. तिकडच्या इलेक्ट्रिकल कोडमधे वेल्डरसाठी वेगळं प्रकरणच आहे, ६३० नंबरचं, त्यात वायर इफेक्टिव्ह करंटवर (वायरीला सरासरीने तापवणारा, तो पुढे येतो) निवडायला आणि ब्रेकर वायरच्या क्षमतेच्या दुपटीपर्यंत ठेवायला परवानगी आहे. पण ती लाईन फक्त वेल्डरची असते, तिच्यावर दुसरं काही लागत नाही, आणि मशीनची ड्युटी सायकल, म्हणजे दहा मिनिटांतली किती मिनिटं वेल्डिंग चालू, ती धरून तो हिशोब केलेला असतो. घरातल्या सॉकेटला, जिथे उद्या कोणीही काहीही लावू शकतं, तिथे तो नियम लागू होतच नाही. अर्धा नियम उचलला की असं होतं.

आता मुळात गोंधळ कुठे होतो ते सांगतो. मशीनवर २०० लिहिलंय ते रॉडच्या टोकाचे अँपिअर आहेत, भिंतीतले नाहीत. रॉडकडे व्होल्टेज पंचवीसच्या आसपास असतं आणि अँपिअर जास्त, भिंतीकडे २३० व्होल्ट आणि अँपिअर कमी. रॉड वेल्डिंगला आर्कचं (रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीचं) व्होल्टेज काढायचं ठरलेलं सूत्र आहे, २० अधिक अँपिअरच्या चार टक्के. म्हणजे ९० अँपिअरला २३.६ व्होल्ट, गुणाकार केला की साधारण २१०० वॅट. १२० अँपिअरला २४.८ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ३००० वॅट. १६० ला ४२०० च्या वर आणि २०० ला ५६०० वॅट. हे झालं आर्कमधे. मशीन स्वतः तापतं, पंखा फिरतो, म्हणजे ओढलेल्यातलं ८० टक्क्यांच्या आसपासच रॉडपर्यंत पोचतं असं धरा.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. पण स्वस्तातल्या इन्व्हर्टर मशीनमधे आत आधी ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे) असतात, ते सायन वेव्हच्या फक्त शेंड्यावर करंट ओढतात, बाकी वेळ गप्प बसतात. त्यामुळे पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. याचा अर्थ काम तेवढंच पण वायरीतून करंट जवळजवळ दीडपट. सगळं धरून हिशोब केला तर ९० अँपिअरच्या आर्कला भिंतीतून साधारण १६-१७ अँपिअर, १२० ला २३, १६० ला ३३ आणि पूर्ण २०० ला ४३-४४. ज्या मशीनमधे पीएफसी असतं, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारायचं सर्किट, तिथे हेच आकडे साडेअकरा, सोळा, तेवीस आणि तीस होतात. पीएफसीवालं मशीन महाग का ते आता कळलं असेल. घरच्या लाईनवर वर्षानुवर्षं काम करायचं असेल तर मी २०० अँपिअरचं साधं मशीन घेण्यापेक्षा १४०-१६० चं पीएफसीवालं घ्या असंच सांगेन, पण तुमचं घेऊन झालंय.

मशीनच्या मागे एक पत्र्याची किंवा स्टिकरची पट्टी असते, तिच्यात इनपुटच्या खान्यात दोन आकडे असतात, आय-वन-मॅक्स आणि आय-वन-इफेक्टिव्ह. बहुतेक लोक ती पट्टी आयुष्यात एकदाही वाचत नाहीत. मॅक्स म्हणजे पूर्ण डायल फिरवून आर्क पेटलेला असताना ओढणारा करंट. इफेक्टिव्ह म्हणजे आर्क चालू-बंद चालू-बंद होत असताना वायरीला सरासरीने किती तापवणार तो, आणि तो मॅक्सला ड्युटी सायकलच्या वर्गमुळाने गुणून येतो. मॅक्स ३२ आणि ड्युटी सायकल २५ टक्के असेल तर वर्गमूळ अर्धं, म्हणजे इफेक्टिव्ह १६. ३५ टक्के असेल तर १९. ड्युटी सायकल म्हणजे दहा मिनिटांतली किती मिनिटं आर्क चालू, आणि नीट टेस्ट केलेल्या मशीनचा हा आकडा ४० डिग्रीच्या हवेत काढलेला असतो. वायर या इफेक्टिव्हवर निवडतात, पण सॉकेटचं तसं नसतं, सॉकेटचा जीव लहान असतो आणि तो मॅक्सच्या झटक्यातच मरतो, त्याच्यावर पुढे येतो. आणि पट्टीवर हे आकडेच नसतील, नुसतं मोठ्या अक्षरात २०० किंवा २५० छापलं असेल, तर तो आकडा देवाच्या भरवशावर छापलाय असं समजा.

तुमचा एमसीबी दुसऱ्या-तिसऱ्या रॉडलाच का पडतो ते आता सरळ आहे. एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात, एक चुंबकाची आणि एक तापून वाकणारी पट्टी. चुंबकाची बी प्रकारात ३ ते ५ पटीला, सी मधे ५ ते १० पटीला आणि डी मधे १० ते २० पटीला एका झटक्यात पाडते. तुमचा जर मशीनचं बटण दाबल्या दाबल्या पडत असता तर मी म्हटलं असतं की कपॅसिटर भरतानाचा झटका आहे, बी काढून त्याच १६ अँपिअरचा सी लावा, आकडा तोच, फक्त प्रकार वेगळा, ते चालतं (फक्त अर्थिंगची लाईन शॉर्टच्या वेळी तेवढा करंट देईल इतकी चांगली आहे ना ते मोजून घ्यायचं). पण तुमचा थोड्या वेळाने पडतोय म्हणजे तापणारी पट्टी काम करतेय. दहा नंबरचा म्हणजे ३.१५ चा रॉड तुम्ही ११०-१२० वर चालवत असणार, भिंतीतून २३ अँपिअर जातायत, १६ च्या १.४५ पट बरोबर २३.२ होतात. म्हणजे एमसीबी जसा पडायला पाहिजे तसा पडतोय, बिचाऱ्यात काही फॉल्ट नाहीये. वर डीबीचा डबा (ज्यात घरातले सगळे एमसीबी असतात तो) उन्हाच्या भिंतीवर असेल तर अजून लवकर पडणार, कारण त्याचं कॅलिब्रेशन ३० डिग्रीला केलेलं असतं. आणि एकदा पडल्यावर लगेच वर केला की पट्टी आधीच गरम असते, मग पुढच्या वेळी एका रॉडलाच पडतो आणि लोक म्हणतात एमसीबी कमजोर झाला.

मग करायचं काय, तर बारा नंबरचा रॉड घ्या. अडीच एमएमचा, ६०१३ प्रकारचा. तो ७० ते ९० अँपिअरमधे मस्त चालतो आणि भिंतीतून १३ ते १७ च्या आसपास ओढतो, शिवाय एक रॉड मिनिटभरात संपतो, मग स्लॅग (वेल्डवर जमलेली खपली) झाडायचा, नवीन रॉड लावायचा, जॉब (वेल्ड करायची वस्तू) फिरवायचा, यात आर्क बंदच असतो. घरगुती कामात आर्क चालू असायचा वेळ २५-३० टक्क्यांच्या वर जातच नाही. फाटकाच्या फ्रेमचा पाईप दोन-तीन एमएम जाडीचा असतो, त्याला दहा नंबरची गरजच नाही, उलट भोक पडतं. लोकांना वाटतं जाड रॉड म्हणजे पक्कं वेल्डिंग, हे काही मला पटलेलं नाही आजपर्यंत.

अजून एक, जे पुस्तकात फारसं सांगत नाहीत. नवीन माणूस रॉड लांब धरतो. आर्क लांब झाला की त्याचं व्होल्टेज वाढतं, इन्व्हर्टर अँपिअर धरून ठेवतो, म्हणजे वॅट वाढतात. ९० अँपिअरला जवळचा आर्क २२ व्होल्टचा असेल तर १९८० वॅट, तोच लांब धरून ३० व्होल्ट झाला तर २७००. एवढ्या फरकात एमसीबी पडतो किंवा टिकतो! दुकानात एकाच मशीनवर माझ्या हाताने दिवसभर चालतं आणि शिकाऊ मुलाच्या हाताने अर्ध्या तासात ट्रिप होतं, त्याचं कारण हे. गंमत म्हणजे रॉड चिकटला की सगळे घाबरतात की आता एमसीबी जाणार, पण इन्व्हर्टरमधे रॉड चिकटला की व्होल्टेज जवळजवळ शून्यावर येतं, अँपिअर तेवढेच किंवा अँटीस्टिकमुळे (रॉड चिकटल्यावर करंट कमी करणारी सोय) अजून कमी, म्हणजे भिंतीतून ओढणं उलट कमी होतं. रॉड लाल होईल, मशीन तापेल, एमसीबीला फरक पडत नाही.

आता सॉकेट आणि टॉप, म्हणजे प्लग. खरं सांगायचं तर घरच्या लाईनवर वेल्डिंग करताना आधी वायर जळत नाही, एमसीबी जळत नाही, आधी टॉप आणि सॉकेट जळतं. कारण साधं आहे, सॉकेटच्या आतली पितळेची पट्टी सैल झालेली असते आणि पिन तिला एका रेषेत कुठेतरी टेकते. तिथे नुसता ०.०५ ओहमचा अडथळा आला तरी २० अँपिअरला २० वॅट उष्णता तयार होते, आणि ती सगळी हरभऱ्याएवढ्या जागेत. सोल्डरिंग गनचं टोक सॉकेटात खुपसून ठेवल्यासारखं आहे ते. आणि एमसीबीला यातलं काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने करंट बरोबरच आहे. मी सुरुवातीला एका घरी ग्रीलचं काम घेतलं होतं, सगळं चाललं होतं छान, मधेच मासळी जळल्यासारखा वास यायला लागला, तो बॅकेलाईट जळल्याचा वास मला तेव्हा ओळखता येत नव्हता. घरातल्या आजी म्हणाल्या काहीतरी करपतंय रे, मी म्हटलं वेल्डिंगचाच वास आहे आजी. टॉप काढायला गेलो तर पिन सॉकेटातच राहिली. बोर्ड माझ्या खर्चाने बदलून दिला, तेव्हापासून सवय लागलेली आहे की पहिले चार-पाच रॉड झाले की मशीन बंद, स्विच बंद, टॉप बाहेर काढून हातात धरून बघायचा. कोमट असेल तर चालेल. हातात धरवत नसेल तर काम बंद, सॉकेट बदला. याला मीटर लागत नाही, काही लागत नाही.

टॉपमधल्या स्क्रूचं पण तसंच. वायरीचे केस नुसते पिळून स्क्रूखाली दाबतात, अर्धे बाहेर राहतात. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावा, पिन लग लावा, आणि आठवड्याने एकदा परत आवळा. मोठ्या मशीनला कंपनी बरेचदा टॉप देतच नाही, नुसती वायर मोकळी सोडलेली असते, त्याचं कारण हेच की १६ चा टॉप त्याला पुरत नाही. मग लोक सहा अँपिअरचा टॉप लावतात किंवा मल्टीप्लग, त्यावर काय बोलायचं. जमलं तर निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट बसवा, गोल पिनांचा, तो ३२ अँपिअरचाही मिळतो आणि त्याची पकड वेगळीच असते.

एक्स्टेंशन. तुमची तीस मीटरची तयार रीळ आहे ना, तिच्यात कोणती वायर आहे ते आधी बघा, बाहेरून जाडजूड दिसते पण आत बहुतेक एक किंवा दीड एमएम निघते. तीस मीटर म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर वायर. एक एमएमची लवचिक वायर असेल तर साठ मीटरला जवळजवळ १.२ ओहम होतात, २० अँपिअरला २३ व्होल्ट वाटेतच गेले आणि पावणेपाचशे वॅट त्या वायरीत उष्णता म्हणून बसले. रीळ न सोडता तशीच गुंडाळलेली ठेवलीत तर ती उष्णता जाणार कुठे, आतल्या आत वेटोळी एकमेकांना चिकटून वितळतात, बाहेरचा थर गार लागतो त्यामुळे कळत पण नाही. पूर्ण उलगडायची, कायम, दोन मीटरवर काम असलं तरी उलगडायची.

दुसरी भानगड अशी की इन्व्हर्टर मशीन हट्टी असतं. व्होल्टेज कमी मिळालं तरी ते आर्कला तेवढेच वॅट देतं, म्हणजे भिंतीतून जास्त करंट ओढून भरपाई करतं. २३० ऐवजी २०० व्होल्ट पोचले तर जिथे साडेसोळा लागत होते तिथे एकोणीस लागतात. जास्त करंट ओढला की वायरीत अजून व्होल्टेज पडतं, मग अजून करंट. जुनं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन निदान असं करत नाही, त्याला कमी व्होल्टेज मिळालं की त्याचा आर्कच मरतो, तुम्हाला लगेच कळतं. अडीच एमएमची पंधरा मीटर वायर घेतली तर २० अँपिअरला पाच व्होल्टच पडतात, ते चालतं. तीस मीटर लागत असेल तर चारची घ्या. काहीजण म्हणतात मग मशीन सॉकेटजवळ ठेवू आणि होल्डरच्या केबल लांब करू. त्याने २३० व्होल्टची वायर ठिणग्यांपासून आणि ओल्या जमिनीपासून लांब राहते हा फायदा आहेच, पण तिकडे १०० अँपिअर वाहतायत हे लक्षात ठेवा, २५ एमएमची केबल असली तरी दहा मीटरच्या जोडीत दीड व्होल्ट जातात आणि २४ मधले दीड म्हणजे सहा टक्के. दहा मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे केबल जाड करावी लागते आणि ते वजन ओढून कमरेचं काम होतं.

मोजून बघायचं असेल तर टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा घालून करंट मोजायचा मीटर) लावा, पण ट्रू आरएमएस लिहिलेला. साधा टाँग टेस्टर या टोकदार करंटला कमी दाखवतो, १६ जात असले तर ११-१२ दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. आणि टाँग फक्त फेजच्या एका वायरीभोवती घालायची, पूर्ण केबलभोवती घातली तर शून्य येतं. हसू नका, चांगले अनुभवी लोक हे करताना बघितलेत.

दिवे लपलपणं. आर्क पेटला की करंट शून्यावरून वीसवर उडी मारतो, मेनपासून तुमच्या डीबीपर्यंतच्या वायरीत व्होल्टेज क्षणात खाली येतं, दिव्यात ते दिसतं. थोडं लपलपलं तर नॉर्मल आहे. पण दिवे मधेच नेहमीपेक्षा जास्त प्रखर होत असतील तर काम तिथल्या तिथे बंद करा, तो न्यूट्रल सैल असल्याचा इशारा आहे, थ्री फेज कनेक्शन असेल तर न्यूट्रल सुटल्यावर एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्ट जाऊन फ्रीज, टीव्ही सगळं जाऊ शकतं. वेल्डिंगच्या वेळी त्याच सर्किटवर फ्रीज, पंप, मायक्रोवेव्ह काही ठेवू नका. आणि मीटरच्या मागचा मेन फ्यूज किंवा मंजूर लोड किती आहे तेही बघा, घराला एकूण मिळतातच ३०-३२ अँपिअर आणि त्यातले वीस तुम्ही एकटे ओढताय असं असेल तर घरच्यांना सांगून गीझर बंद ठेवावा लागेल.

आरसीसीबी पडण्याची गोष्ट वेगळी आहे, तिचा करंट जास्त-कमी असण्याशी संबंध नाही. तो फेजमधून गेलेलं न्यूट्रलमधून परत आलं का एवढंच बघतो. ३० मिलिअँपिअरवाला १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो. इन्व्हर्टर मशीनमधे फिल्टरचे छोटे कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात, त्यांतून एक-दोन मिलिअँपिअर कायम गळतात, घरातल्या बाकीच्या वस्तूंचे मिळून सात-आठ आधीच गळत असतील, मग बटण दाबतानाचा झटका त्यात भर घालतो. पण माझ्या अनुभवात नव्या मशीनला पहिलं कारण ओली किंवा सोललेली एक्स्टेंशन असतं, आणि जुन्या मशीनला ग्राइंडरची भुकटी. शेजारी ग्राइंडिंग चालू असतं आणि मशीनचा पंखा ती लोखंडाची बारीक पूड आत ओढतो, बोर्डावर साचते, दमट हवेत ती वाहक होते. प्लग काढून, पाच-दहा मिनिटं थांबून, म्हणजे आतले कपॅसिटर रिकामे होतील, मग झाकण उघडून हवेने फुंकून काढा. मशीन ग्राइंडरच्या ठिणगीच्या दिशेत कधीच ठेवू नका. नवीन आरसीसीबी घ्यायचाच असेल तर टाईप ए घ्या, रेक्टिफायरवाल्या लोडला एसी टाईप कधी आंधळा होतो. आणि आरसीसीबी बायपास करून किंवा अर्थची पिन कापून काम करणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका, लोखंडाच्या ढिगावर, घामाने ओल्या हातमोज्यांनी, जमिनीवर बसून काम करताय तुम्ही, सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे त्याची.

अर्थिंग शब्दावरून अजून एक घोळ. जॉबला लावतो तो चिमटा, त्याला सगळे अर्थिंग म्हणतात, मी पण म्हणतो, पण तो अर्थ नाही, तो परतीचा रस्ता आहे. रॉडमधून गेलेले शंभर अँपिअर त्याच चिमट्याने परत आले पाहिजेत. चिमटा जॉबवर, वेल्डच्या जवळ, गंज घासून लावायचा. एकदा माझ्या हाताखालच्या मुलाने आळसाने चिमटा टेबलाच्या पायाला लावला, जॉब टेबलाला टेकलाच नव्हता, तो इमारतीच्या लोखंडी कॉलमला टेकून उभा होता. टेबलावर ड्रिल मशीन ठेवलेलं, त्याची बॉडी अर्थ केलेली. मग काय, करंट जॉबमधून कॉलममधे, तिथून इमारतीच्या अर्थमधून ड्रिलच्या अर्थ वायरीत, ड्रिलच्या बॉडीतून टेबलात आणि टेबलातून चिमट्यात. ती बिचारी दीड एमएमची अर्थ वायर, बघता बघता तिचं हिरवं आवरण थेंब थेंब गळायला लागलं. एमसीबी पडला नाही, आरसीसीबी पडला नाही, कारण त्या दोघांच्या पोटातून हा करंट गेलाच नव्हता. तुम्ही फाटक जागेवरच, भिंतीत बसवलेल्या बिजागरीवर वेल्ड करणार असाल तर हे खास लक्षात ठेवा, आणि घराच्या नळाला, गजाला चिमटा लावायचा विचार पण करू नका.

तुम्हाला नेहमीच वेल्डिंग करायचं असेल, दहा नंबरचा रॉड पण चालवायचा असेल, तर सरळ डीबीपासून वेगळी लाईन ओढा. सहा एमएमची वायर, ३२ चा सी एमसीबी, स्वतःचा आरसीसीबी, ३२ चा इंडस्ट्रियल सॉकेट, अर्थची वायर पण त्याच जाडीची. चार एमएमला नळीत कागदावर ३२ जेमतेम बसतात म्हणून काहीजण चारची टाकतात, मी टाकत नाही, नळी तापलेली असते आणि पुढे लाईन वाढवावी लागली तर पस्तावतो. वायरमनचा ३२ चा एमसीबी इथे बरोबर आहे, फक्त त्याच्यामागे सहाची वायर पाहिजे. तोपर्यंत घरात एसीचा पॉईंट असेल तर तो बघा, तो बहुतेक वेळा स्वतंत्र ओढलेला असतो, चार एमएमचा आणि २०-२५ च्या एमसीबीवर. एक काम करायला तो पुरतो, पण डबा उघडून वायर खरंच चारची आहे का ते डोळ्याने बघून मगच.

जुनं तांब्याचं ट्रान्सफॉर्मर मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून कोणी देऊ करेल तर घरच्या लाईनवर नको. पॉवर फॅक्टर अजून वाईट, चालू करताना लोखंड संपृक्त होऊन झटका मोठा, आणि त्यातली बरीच मशीनं दोन फेजवर ४०० च्या वर व्होल्टला चालणारी असतात. वर्कशॉपला उत्तम, वीस वर्षं मरत नाही.

राहिला जनरेटर. ९० अँपिअरच्या आर्कला तुमच्या मशीनला ३.८ केव्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारात) आसपास लागतात, पीएफसीवाल्याला पावणेतीनमधे भागतं. जनरेटरच्या अंगावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुतेक क्षणभराचा असतो, तुम्ही त्याचा सलग चालायचा आकडा बघा आणि तो पाच-साडेपाच केव्हीए तरी असू द्या, कारण टोकदार करंटने छोट्या जनरेटरची वेव्हच चपटी होते, मशीनला वाटतं व्होल्टेज कमी आहे आणि ते मधेच दिवा लावून बंद पडतं. आर्क तुटला की लोड एकदम जातो आणि गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) सावरेपर्यंत व्होल्टेज उसळतं, म्हणून त्याच जनरेटरवर त्यावेळी दुसरं काही लावायचं नाही, मोबाईलचा चार्जर पण नाही. आधी जनरेटर चालू करून दोन मिनिटं स्थिर होऊ द्या मग मशीनचं बटण, आणि बंद करताना उलटं, आधी मशीन बंद. जनरेटर घराच्या सॉकेटात उलटा जोडायचा नाही, मशीनची वायर थेट त्याच्याच सॉकेटला. बऱ्याच छोट्या जनरेटरला न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले नसतात, तिथे आरसीसीबी लावला तरी पहिल्या फॉल्टला तो पडत नाही, त्यामुळे हातमोजे कोरडे आणि वायर न सोललेली, यावरच सगळं आहे. घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर मात्र डोक्यातून काढून टाका, तो यासाठी नाहीच.